चार सुटे खाने

वाडीत गोदामावर काम करणाऱ्याचा निम्मा दिवस वाट पाहण्यात जातो. गाडी लागायची असते, बिल्टी यायची असते, हमाल जेवायला गेलेले असतात. त्या फटीत मी फोनवर फ्रीसेल खेळतो. रमी नव्हे, आणि पैशाचा खेळ तर नव्हेच. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा नाक्यावरच्या चहावाल्यानं मला काळजीनं विचारलं होतं, "भाऊ, तुमचं बी बंद झालं का आता?" एकट्यानं खेळायचा हा खेळ. त्यात समोर कोणी नसतं, तरी माणूस रोज हरतो.

१. सगळे पत्ते उघडे असतात, आणि नेमकं तेच झोंबतं. रमीत पानंच वाईट आली म्हणता येतं, मेंढीकोटात भिडूवर ढकलता येतं. इथं बावन्नही पत्ते उताणे मांडलेले. चार रांगांत सात-सात, चारांत सहा-सहा. लाल-काळे आलटून-पालटून उतरत्या क्रमानं लावत जायचे, एक्क्यापासून राजापर्यंत एकेक जात वर चढवायची, अडलेल्या पत्त्यासाठी चार सुटे खाने. पॉल अल्फिल या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो संगणकावर हा खेळ आणला. आधीच्या 'बेकर्स गेम'मध्ये बदामावर बदामच लावायला लागायचं. त्यानं तेवढा एकच नियम सैल केला, आणि जवळपास प्रत्येक डाव सुटणारा झाला. म्हणजे नशिबाला बोल लावायची सोयही त्यानं काढून घेतली.

२. एक्क्यापेक्षा दुर्रीवर नजर ठेवावी, हे मला फार उशिरा उमगलं. इस्पिकचा एक्का रांगेच्या टोकाशीच दिसला की जीव हरखतो. टप्पकन वर जातो तो. पण इस्पिकची दुर्री दुसऱ्या रांगेच्या तळाशी, अंगावर दोन राजे घेऊन पडलेली असेल, तर तो एक्का वर जाऊन नुसता बसून राहतो. राजाला ठेवायला सुटा खाना अडवायचा नाहीतर रिकामी रांग हवी, आणि रिकामी रांग तर अजून झालेलीच नाही. आता डाव उघडला की मी हात मांडीखाली घेऊन बसतो (हे खरंच करतो, हमाल हसतात) आणि आधी चारही दुर्र्या शोधतो.

३. रिकामी जागा भरायची नसते. हे वाक्य वाचायला सोपं आहे, पाळायला नाही. सुटा खाना दिसला की हात शिवशिवतोच. यात हिशेब आहे: खाने चारही मोकळे असले तर लागलेली पाच पत्त्यांची माळ एकदम हलते. त्यात एक रांगही रिकामी असली तर दहाची. उलट दोनच खाने मोकळे आणि रांग एकही नाही, तर तीन पत्ते. म्हणजे खान्यात टाकलेला प्रत्येक पत्ता पुढची चाल आखूड करतो. आणखी एक मेख: माळ त्या रिकाम्या रांगेतच टाकायची असेल, तर ती रांग हिशेबात धरायची नाही, दहाचे पुन्हा पाच होतात. यातच माझे कितीतरी लागलेले डाव फसलेत.

गंमत म्हणजे हेच शास्त्र मी पगार घेऊन रोज वापरतो. धुळ्याकडे जाणारी गाडी भरताना धुळ्याचा माल आधी, मग जळगाव, मग अकोला, आणि अमरावतीचे नग सगळ्यात शेवटी, फळक्याशी. गोदामात मधली वाट मोकळी नसेल तर हे उलटसुलट करताच येत नाही. एकदा मी त्या वाटेवर दोन-चार पेट्या लावायला सांगितल्या, तर आमचे सगळ्यात जुने हमाल काकाजी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, मोकळी जागा पाहून तुमच्या पोटात काहून दुखते?" फोनवरचे चार खाने त्यांना कधी दाखवले नाहीत, पण मला त्यांचं बोलणं तिथंच जास्त ऐकू येतं.

४. वर गेलेला पत्ता कामाचा राहत नाही. पत्ता वर चढवला की आपण जिंकतोय असं वाटतं. पण बदामची पंजी घाईनं वर पाठवली आणि मागून किलवरची चव्वी मोकळी झाली, तर ती ठेवायची कुठं? चौकटची पंजी कुठंतरी गाडलेली. काही अॅप तर आपल्याला न विचारताच पत्ते वर उडवतात. ती सोय मी बंद करून टाकली आहे.

५. चाल मागं घ्यायचं बटण पाप आहे की पुण्य, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं. सध्या पुण्य.

६. काही डाव सुटतच नाहीत, पण ते फार थोडे. विंडोजवरच्या जुन्या फ्रीसेलमध्ये क्रमांक दिलेले ३२,००० डाव होते. १९९४ च्या सुमारास डेव्ह रिंग या गृहस्थानं इंटरनेटवरून स्वयंसेवक गोळा केले, डाव वाटून दिले आणि सगळे सोडवायला बसवलं. शेवटी एकच उरला, क्रमांक ११९८२. पुढं संगणकानंही त्याच्यापुढं हात टेकले. नंतर डाव दहा लाखांपर्यंत वाढवले, तेव्हा न सुटणारे निघाले अवघे आठ. हे वाचल्यापासून माझी पंचाईत झाली आहे. पूर्वी अडलो की "हा डावच तसा" म्हणून नवा घ्यायचो. आता दहा लाखांत आठ हे गणित आडवं येतं, आणि कण्हत-कुथत तोच डाव पुन्हा पहिल्यापासून मांडतो.

७. शेजारी बसलेल्याला चाल आधी दिसते. आपण एका रांगेत अडकलेलो असतो, त्याला आठही दिसतात. घरी मी कूलरपुढं फोन घेऊन बसलो की बायको भाजी निवडता निवडता नुसती डोकावते. ती हा खेळ खेळत नाही, तिला तो रिकामटेकडा वाटतो. तरी परवा म्हणाली, "अहो, ते काळी सत्ती दिसून नाही राहिली का तुम्हाले?" दिसत नव्हती. लाल अठ्ठीवर ती ठेवली आणि अख्खी रांग मोकळी झाली. तोवर बायको पुढच्या जुडीकडं वळली होती, आणि मेथी संपल्यावर तिनं मला कांदे चिरायला बसवलं.