इंग्रजी अक्षरखेळातील काही अनोखे शब्द

इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळविण्याचा ‘स्क्रॅबल’ हा खेळ अनेक शिक्षकबंधुभगिनींच्या परिचयाचा असेल. अमेरिकेतील वास्तुशिल्पज्ञ आल्फ्रेड बट्स यांनी १९३० नंतरच्या दशकात, वृत्तपत्रात कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून, त्याची आखणी केली. १९४८ साली त्यास हे नाव मिळाले. एकूण १०० सोंगट्यांपैकी वारंवार येणाऱ्या ‘ई’च्या १२ असून तिला १ गुण आहे, ‘क्यू’ची एकच असून तिला १० गुण आहेत. अशी अवघड अक्षरे उपयोगात आणण्यासाठी खेळाडू अनोखे शब्द पाठ करतात. त्यांपैकी काहींचे अर्थ पाहू.

‘क्यू’पाठोपाठ ‘यू’ येतो, असे आपण शिकवितो. परभाषांतून आलेल्या शब्दांना हा नियम लागू पडत नाही. ‘क्यू-ए-डी-आय’ म्हणजे आपल्या ओळखीचा काजी. ‘क्यू-ए-एन-ए-टी’ म्हणजे कनात; परंतु ही तंबूची कनात नव्हे. डोंगरपायथ्याचे भूजल उताराने शेतापर्यंत नेणारा इराणातील भुयारी कालवा, असा तिचा अर्थ आहे. ‘क्यू-आय’ हा चिनी शब्द. उच्चार ‘ची’, अर्थ प्राणशक्ती.

‘सी-डब्ल्यू-एम’ यात इंग्रजी स्वर एकही नाही. हा वेल्श भाषेतील शब्द असून तेथे ‘डब्ल्यू’ स्वराचे काम करतो. म्हणून उच्चार ‘कूम’ असा होतो. डोंगरांनी वेढलेली दरी, हा त्याचा अर्थ. एव्हरेस्टजवळील हिमदरीस मॅलरी यांनी १९२१ साली ‘वेस्टर्न कूम’ हे नाव दिले. १९५३ साली तेनसिंग व हिलरी याच दरीतून शिखराकडे गेले.

‘मंगूस’ हा तर आपल्या मराठी ‘मुंगूस’ शब्दाचाच इंग्रजी अवतार. त्याच्या शेवटी हंसवाचक ‘गूस’ दिसतो, परंतु हंसाशी त्याचा काही संबंध नाही.

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते; त्यांनी केवळ शब्दांची यादी मुखोद्गत केली होती. त्यामुळे खेळात त्यांचे काही अडले नाही, कारण तेथे गुण अक्षरांना मिळतात. आपल्या वर्गात मात्र बिनचूक स्पेलिंग लिहिणाऱ्या मुलास त्या शब्दाने एक वाक्यही बोलता आले नाही, तर त्याचे श्रम वाया गेले असेच म्हणावे लागेल.

म्हणून पुठ्ठ्याची अक्षरे कापून हा खेळ वर्गात अवश्य घ्यावा; मात्र एक नियम वाढवावा. शब्द जुळविणाऱ्याने त्याचा अर्थ मराठीत सांगावा व तो शब्द वाक्यात योजावा. अर्थ सांगितल्यावाचून गुण देऊ नयेत.

स्वाध्याय : मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द शोधा व ते कोणत्या भाषेतून आले असावेत, याची वर्गात चर्चा करा.