आधी करंट, मग पेट्रोल

बाळ, गाडीची किल्ली तुझ्या हाती दिली त्याला आठवडा झाला, आणि तू अजून शेडचं कुलूपसुद्धा काढलेलं नाहीस असं तुझी आई सांगते. आपल्या हातून काही मोडेल, ही धास्ती असणार. ती आधी मनातून काढ. ही 1968 ची फियाट 1100 डिलाईट आहे. 1089 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर. संगणक कुठेच नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, नाहीतर कानाला कळतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. पुढे 1974 पासून हीच गाडी पद्मिनी म्हणून निघू लागली आणि मुंबईची काळी-पिवळी झाली. टॅक्सीवाल्यांच्या दिवसपाळ्या-रातपाळ्या जिने काढल्या, ती तुझ्या पान्याला घाबरणारी नाही.

ती बिघडते उभी राहून. म्हणून दर रविवारी सकाळी वाघबीळपर्यंत जाऊन ये. शेडमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं म्हणजे फिरवणं नव्हे. त्याने उलट नुकसान होतं. इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सर आतून गंजतो. चांगलं तापू दे, वीस-पंचवीस मिनिटं पळू दे, मग आण. याच कारणाने मी तिची व्हिंटेज नोंदणी केली नाही. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला ती मिळते, पण मग गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच काढायची. मला ते पटलं नाही. दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला हेलपाटे घालावे लागतात, ते घाल.

आता मुख्य गोष्ट. गाडी सुरू होत नसेल तर आधी करंट, मग पेट्रोल. हा क्रम मोडायचा नाही. एक प्लग काढ, त्याची तार परत लाव, प्लगची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकव आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, हे आधी बघ. ठिणगी निळसर आणि कडक आवाजाची हवी. पिवळी, मरगळलेली दिसली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघड. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ कर, आणि ते पूर्ण उघडलेले असताना फट फिलर गेजने 0.45 मिलिमीटर ठेव. अंदाजाने नको, गेजनेच. पॉइंटची टाच जिथे कॅमवर घासते तिथे ग्रीसचा कण लाव, नाहीतर टाच झिजते आणि फट आपोआप मिटत जाते. प्लगच्या तारा चारही एकदम काढू नकोस. एक काढ, काम कर, लाव, मग दुसरी. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, शेडच्या दाराच्या आत खडूने लिहून ठेवली आहे.

काढलेला प्लग पुसण्याआधी नीट बघ. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येतंय, किंवा चोक पूर्ण आत जात नाही. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय. आणि ओला तेलकट काळा असेल तर ऑइल वर चढतंय. ते घरचं काम नाही.

यात मी एकदा सपशेल फसलो, ते सांगतो. तुझ्या आईच्या लग्नाच्या आदल्या रात्री, गाडी उद्या दगा देऊ नये म्हणून, चांगली चालणारी गाडी मी उघडली. कार्बोरेटर साफ केला, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, सगळं एका बैठकीत. गाडी सुरूच होईना. पहाटेपर्यंत मी कार्बोरेटरमध्ये कचरा शोधत होतो. दोष होता नव्याकोऱ्या कंडेन्सरमध्ये. जुना मी टाकून दिला होता. तुझ्या आईची पाठवणी शेजाऱ्याच्या गाडीतून झाली, आणि ते मला आजही लागतं. तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलतो, गाडी सुरू करून बघतो, वहीत तारीख घालून लिहितो, मगच दुसरीला हात. आणि काढलेला चालता भाग डिकीतल्या डब्यात ठेवतो. नवीन आहे म्हणून चांगलाच असेल, असं धरून चालू नकोस.

पेट्रोलचं मात्र आता माझ्या काळासारखं राहिलं नाही. हल्लीच्या ई-20 मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि या गाडीच्या जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोलचे पाइप दर महिन्याला बोटांनी दाबून बघ. फुगलेला, चिकट झालेला किंवा तडे गेलेला पाइप त्याच दिवशी बदल, आणि इथेनॉल सोसणाराच घे. एकच पेट्रोल टाकीत महिनोन्महिने ठेवू नकोस. मे महिन्यात आंबा घाट चढताना गाडी अचानक गचके देऊन बंद पडली तर समज, पंपात पेट्रोलची वाफ झाली. बॉनेट उघड, पंपावर ओलं फडकं ठेव, पंधरा मिनिटं सावलीत बस. रेडिएटरच्या झाकणाला तेव्हा हात लावायचा नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही नको, क्षार साचतात. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, दोन धातू एकत्र आले की नुसत्या पाण्यात हेड खाल्लं जातं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाल. हेडचे नट थंड इंजिनवरच, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळायचे.

पावसाळ्यात मला इंजिनापेक्षा पत्र्याची काळजी जास्त वाटते. या गाडीला वेगळी चेसी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा. इंजिन उद्या पुन्हा बांधता येईल, पण दाराखालचा सिल आणि पायाखालचा पत्रा कुजला की गाडी मधून बसते. दारांच्या तळाला पाणी निघायची बारीक भोकं आहेत, ती मृगाआधी तारेने मोकळी कर. पायाखालची मॅटिंग उचलून हात फिरव. ओल लागली तर उन्हात काढ. प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नकोस, आत घाम धरतो. सुती कापडच बरं. आणि गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी अडण लाव, कारण दमट हवेत ब्रेकचे शू ड्रमला चिकटून बसतात.

स्टिअरिंगवरचा गिअर अडकायला लागला तर गिअरबॉक्स उघडायला धावू नकोस. दहातल्या नऊ वेळा बाहेरच्या लिंकेजचे बुश झिजलेले असतात. झिजलेला बुश फेकायचा नाही; तोच नमुना घेऊन उद्यमनगरात जायचं. लेथवाल्याला तोंडी सांगितलेलं माप आणि हातात दिलेला नमुना, यात फार फरक पडतो. जोडीचा एक जास्त करून घे.

आणि एक गोष्ट, जिच्यात मी तुला सूट देणार नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. जॅक उचलण्यापुरता. खाली घोड्या लावायच्या, बाकीच्या चाकांना अडण, गाडी हाताने हलवून बघायची, मगच आडवं व्हायचं. पाच मिनिटांचं काम असलं तरी.

मागच्या रविवारी मी डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल पाहिली. व्हील सिलिंडरचा कप गळतोय. ब्रेक ऑइल पेट्रोलने धुऊ नकोस आणि त्या भागांना ग्रीसही लावू नकोस, दोन्हीने रबर फुगतं. कपाची नवी जोडी फळीवरच्या निळ्या डब्यात आहे. बसवून झालं की हवा काढावी लागेल, आणि सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची; आपल्याकडे ते हेच डावं मागचं. त्याला दोन माणसं लागतात. तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून पेडल तू दाबायचीस आणि "दाब", "सोड" मी खालून ओरडायचो. आता माझे गुडघे वाकत नाहीत. रविवारी सातला ये, पेडलवर मी बसतो.