शनीचे वर्ष आणि शनीचा दिवस

नवग्रह मंडपात शनिदेवांना तेल अर्पण करण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या भाविकांपैकी अनेकांच्या मनात साडेसातीची चिंता असते. ही वर्षे साडेसातच का, सहा किंवा नऊ का नाहीत, याचे उत्तर मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ते ग्रहांच्या गतीत आहे.

पृथ्वी सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा ३६५ दिवस व सुमारे सहा तासांत पूर्ण करते; तेच आपले वर्ष होय. शनीला हीच प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. आकाशातील ग्रहमार्गाचे बारा समान भाग म्हणजे बारा राशी. म्हणून एका राशीत शनीचा मुक्काम साधारण अडीच वर्षे असतो. जन्मराशीच्या मागील राशीत, प्रत्यक्ष जन्मराशीत व पुढील राशीत मिळून जो काळ होतो, ती साडेसाती. याचाच दुसरा अर्थ असा की, कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असतेच. म्हणजे रांगेतील जवळजवळ प्रत्येक चौथा भाविक त्याच काळातून जात असतो आणि दीर्घायुषी मनुष्याच्या आयुष्यात ती दोन-तीन वेळा येते. ती कोणा एकट्यावर ओढवलेली आपत्ती नव्हे.

शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. ‘मंद’ हेही शनीचेच नाव. या मंदपणाची कारणे दोन. पृथ्वीच्या तुलनेत शनी सूर्यापासून सुमारे साडेनऊ पट दूर आहे, त्यामुळे त्याचा मार्गही तितकाच लांब. शिवाय दूरच्या ग्रहावर सूर्याचे आकर्षण क्षीण असते. पृथ्वी सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर वेगाने मार्ग आक्रमते, तर शनी १० किलोमीटरपेक्षाही किंचित कमी. मार्ग साडेनऊ पट आणि वेग एक तृतीयांश, असा हा हिशेब आहे.

आपल्या पूर्वजांनी हा हिशेब दुर्बिणीवाचून मांडला होता, हे विशेष. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात ४३,२०,००० वर्षांच्या युगात शनीच्या १,४६,५६४ प्रदक्षिणा सांगितल्या आहेत. भागाकार केल्यास एका प्रदक्षिणेस सुमारे २९.४८ वर्षे येतात. आजचे मान २९.४६ वर्षे आहे.

गुरूचे वर्ष आपल्या बारा वर्षांचे समजले जाते आणि त्यावरच कुंभपर्वे ठरतात. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ भरतो. २००३ आणि २०१५ ची पर्वे अनेक भाविकांना स्मरत असतील. परंतु गुरूची प्रदक्षिणा पूर्ण बारा वर्षांची नसून ११ वर्षे व सुमारे १० महिन्यांची आहे. ही थोडीथोडी तफावत साठत जाते आणि सात फेऱ्यांत, म्हणजे सुमारे ८३ वर्षांत, पूर्ण एक वर्षाची होते. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर बारा वर्षांऐवजी अकराव्या वर्षी, २०२१ मध्ये भरला, तो यामुळेच. त्यापूर्वी असाच प्रसंग १९३८ मध्ये आला होता.

वर्षाला असा नियम आहे. दिवसाला तो नाही. ग्रहाचे वर्ष सूर्यापासूनच्या अंतरावर ठरते, तर त्याचा दिवस मुख्यतः स्वतःभोवती फिरण्याच्या, म्हणजे परिवलनाच्या, गतीवर. ही गती प्रत्येकाची निराळी असते. सूर्याजवळचा बुध ८८ दिवसांत प्रदक्षिणा पुरी करतो, पण तेथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले १७६ दिवस जातात. बुधाची दोन वर्षे उलटावीत तेव्हा त्याचा एक दिवस संपतो! शुक्र तर उलट दिशेने फिरतो. त्याचे वर्ष २२५ दिवसांचे आणि स्वतःभोवतीची एक फेरी २४३ दिवसांची. तेथे सूर्य पश्चिमेस उगवतो. मंगळाचा दिवस तेवढा आपल्यासारखा, सुमारे २४ तास ४० मिनिटांचा, मात्र त्याचे वर्ष ६८७ दिवसांचे. मंडपातील राहू व केतू यांना दिवस नाही. ते चंद्राचा व सूर्याचा मार्ग जेथे परस्परांस छेदतात असे दोन बिंदू आहेत.

गुरू आणि शनी हे प्रदक्षिणेत संथ, पण परिवलनात सर्वांत चपळ. प्रचंड आकाराचा गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. शनीवर खुणेसाठी स्थिर पृष्ठभागच नसल्याने त्याचा दिवस मोजणे फार काळ कठीण गेले. अखेर कॅसिनी यानाने टिपलेल्या शनीच्या कड्यांतील तरंगांवरून २०१९ मध्ये तो सुमारे साडेदहा तासांचा ठरला. मंद म्हणून ज्याची ख्याती, त्या शनीच्या एका वर्षात त्याचे स्वतःचे चोवीस हजारांहून अधिक दिवस होतात.