वाळूनही न कोमेजणारे फूल

प्रश्न : पाटोद्याकडे, बालाघाटाच्या माळावर आणि बाजरीच्या बांधावर गुलाबी-पांढरी, कागदासारखी फुले दिसतात. वाळली तरी तशीच राहतात. ही रानशेवंती का? बागेत लावता येईल?

उत्तर : शेवंती नव्हे, हा आपला कुरडू, कूळ राजगिऱ्याचे. शेवंतीचे फूल पसरट, याचा उभा तुरा, शेंड्याला गुलाबी, खाली रुपेरी. पाकळ्या मुळातच कोरड्या, म्हणून टिकतात. काळे चकचकीत बी फार बारीक असते. पावसाच्या सुरुवातीला वाळूत मिसळून वरवर फेका, खोल गाडू नका. ऊन भरपूर हवे. तुरे अर्धे उमलताच कापून सावलीत उलटे टांगा. कोवळ्या पानांची भाजी जरूर करा, फार चवदार लागते! मात्र बी गळू देऊ नका. शेतात हे तण सहज हटत नाही.