घटक ३ : बाप, वडील आणि बाबा – नात्याची भाषा

३.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण सर्वनामे आणि आदरार्थी बहुवचन यांचा व्याकरणाच्या अंगाने परिचय करून घेतला. तोच विचार आता आपल्याला घरात नेऊन पाहायचा आहे. आईविषयीचे प्रेम मराठी माणूस उघडपणे बोलून दाखवतो. बापाविषयीचे प्रेम मात्र सहसा वाक्याच्या अर्थात न सापडता वाक्याच्या रचनेत सापडते. कोणता शब्द निवडला, एकवचन वापरले की अनेकवचन, ‘तू’ म्हटले की ‘तुम्ही’, यांतून ते ओळखावे लागते. म्हणूनच हा विषय भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत आला आहे.

तुमच्यापैकी पुष्कळ जण नोकरी आणि संसार सांभाळून शिकत आहात, आणि कित्येक जण स्वतः आई किंवा बाप आहात. त्यामुळे या घटकातील उदाहरणे तपासण्यासाठी दूर जावे लागणार नाही.

३.२ निर्देशाचा शब्द आणि हाकेचा शब्द

ज्या शब्दाने आपण एखाद्याविषयी दुसऱ्याशी बोलतो तो निर्देशाचा शब्द, आणि ज्या शब्दाने त्याला हाक मारतो तो संबोधनाचा. ‘वडील’ हा केवळ निर्देशाचा शब्द आहे. ‘अहो वडील’ अशी हाक कोणी मारत नाही. प्राकृतातील ‘वड्ड’ म्हणजे मोठा, त्यावरून हा शब्द आला. ‘वडील भाऊ’ या प्रयोगात तो मूळ अर्थ अजून टिकून आहे. ‘माझे वडील आले’ यात विशेषण आणि क्रियापद दोन्ही अनेकवचनी होतात. ‘बाप’ हा शब्द प्राकृतातील ‘बप्प’ या रूपाशी जुळतो, आणि ‘माझा बाप आला’ असे एकवचनच घेतो.

हाकेचे शब्द मात्र कितीतरी आहेत : बाबा, दादा, अण्णा, अप्पा, नाना, तात्या, भाऊ, आबा. यांतील ‘दादा’, ‘भाऊ’ आणि कन्नडमधून आलेला ‘अण्णा’ हे खरे तर थोरल्या भावाचे किंवा भावाचे शब्द. मग ते बापाला कसे चिकटले? एकत्र कुटुंबात धाकटे काका आणि आत्या ज्याला ‘दादा’ म्हणत, त्याला त्याची मुलेही ऐकून ऐकून ‘दादा’च म्हणू लागली. एका हाकेत अख्ख्या घराची रचना अशी साठलेली असते.

ठाणे जिल्ह्याच्या मूळ रहिवाशांच्या, विशेषतः आगरी समाजाच्या बोलीत ‘बापूस’ आणि ‘आयस’ ही रूपे ऐकू येतात. कोकणातून आलेल्या कुटुंबांच्या मालवणीतही ‘बापूस’ आहे. कल्याणच्या बाजारात अर्धा तास उभे राहिलात, तर यांतील निम्मे तरी शब्द कानांवर पडतील.

प्रमाण मराठी बोलणाऱ्या अनेक घरांत कालपरवापर्यंत आईला ‘तू’ आणि बापाला ‘तुम्ही’ असा भेद होता. याउलट, अनेक ग्रामीण घरांत बापालाही एकेरीच हाक मारली जाते. आज डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात मुलगी सहजपणे ‘बाबा, तू कधी येणार?’ असे विचारते. याचे खापर पुष्कळ जण इंग्रजी शाळांवर फोडतात. मला ते फारसे पटत नाही. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली. पुढे या गाड्यांनीच येथील नोकरदार बापाचा दिवस ठरवला. मुले झोपेत असताना घर सोडणारा आणि रात्री जेवणाच्या वेळी परतणारा बाप वाट्याला येतो तो तास-दीड तास. मधे आजी-आजोबा, काका, आत्या कोणी नाहीत. ‘अहो’चे अंतर राखण्याइतका अवधी त्या तासाभरात उरत नाही, असे माझे मत आहे. ते तुम्ही तपासून पाहावे.

एक सावधगिरी बाळगावी. ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या मुलाचे प्रेम कमी आणि ‘तू’ म्हणणाऱ्याचा आदर कमी, असा हिशेब करू नये. भक्त देवाला एकेरीतच हाक मारतो, हे आपण जाणतोच.

३.३ एका शीर्षकाचा अभ्यास

आता एक ग्रंथ उदाहरणादाखल घेऊ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे वडील दामोदर रुंजाजी जाधव हे नाशिकजवळच्या ओझरचे. महार समाजात जन्मलेले. गावकीची बंधने झुगारून ते मुंबईला आले, मिळेल ते काम केले, रेल्वेत आणि पुढे पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केली. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीशी ते जोडले गेले, आणि आपली सर्व मुले शिकली पाहिजेत हा एकच ध्यास त्यांनी धरला. मुले शिकली; थोरला मुलगा सनदी अधिकारी झाला, नरेंद्र अर्थतज्ज्ञ झाले.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. औपचारिक शिक्षण फारसे न लाभलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर मुलाने आपल्या आठवणी लिहिण्याचा आग्रह केला, आणि त्यांनी वह्या भरून लिहिल्या. ज्याने मुलाच्या हाती पुस्तक दिले, त्याच्या हाती मुलाने लेखणी दिली. उतारवयात लिहू लागलेल्या त्या माणसाची धडपड, दिवसभराचे काम आटोपून रात्री ही पुस्तिका उघडणाऱ्या तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको.

आता शीर्षकाकडे या. घरात मुले वडिलांना ‘दादा’ म्हणत. मुखपृष्ठावर मात्र ‘दादा’ नाही, ‘वडील’ही नाही, ‘बाप’ आहे. ‘आमचे वडील आणि आम्ही’ असे शीर्षक कल्पून पाहा. एखाद्या स्मरणिकेतील लेख वाटेल : सभ्य, गुळगुळीत आणि दूरचा. ‘आमचा बाप’ यातील एकवचन त्या माणसाला चौरंगावर बसवत नाही. गर्दीत आपल्या शेजारी उभे करते. अनादराचा तेथे लवलेशही नाही. ‘कामात तो बापमाणूस आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा या शब्दातला दरारा आणि अभिमान आपोआप उमटतो.

‘आमचा’ आणि ‘आम्ही’ यांकडेही लक्ष द्या. ऐकणाऱ्याला सामावून घ्यायचे असेल तर मराठी ‘आपण’, ‘आपला’ म्हणते; ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. म्हणजे हे शीर्षक वाचकाला सांगते : हा बाप आमचा आहे, तुम्ही ऐका. आणि मधला ‘आन्’? प्रमाण भाषेतील ‘आणि’ लेखकाला येत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. उच्चशिक्षित मुलाने बापाच्या बोलीतले उभयान्वयी अव्यय दोघांच्या मध्ये मुद्दाम ठेवले आहे. व्याकरणात अव्यय हा उपेक्षित शब्दवर्ग असतो. येथे पिढ्यांमधला पूल त्यानेच बांधला आहे.

३.४ मधले नाव

महाराष्ट्रात बापाचे नाव मुलाच्या नावाच्या मधोमध बसते. प्रवेशअर्जावर तुम्हीही ते लिहिले आहे. हयात नसलेला, कारखाना बंद पडल्यावर खचलेला किंवा घर सोडून गेलेला बापही तेथे असतोच. मुलीच्या बाबतीत लग्नानंतर हे नाव सहसा बदलते. तिला बापाचे नाव कागदावर मागे ठेवावे लागते. आणि ज्याला हे नाव मिळालेच नाही त्याचे काय? शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनाच्या वेदनेचे मूळ याच प्रश्नात आहे. बाप-लेकाच्या नात्याचा विचार करताना हे पुस्तक टाळून चालणार नाही.

अलीकडे नियम बदलला आहे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. या पिढीच्या बोलण्यावर त्याचा काय परिणाम होईल, हे पुढच्या अभ्यासकांनी पाहायचे आहे.

३.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या तीन पिढ्या निवडा. प्रत्येक पिढीने बापाला कोणत्या शब्दाने हाक मारली, ‘तू’ म्हटले की ‘तुम्ही’, आणि परक्या माणसाशी बोलताना कोणता शब्द वापरला, हे विचारून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे उतरवा. ते ‘शुद्ध’ करू नका. रागात, आजारपणात किंवा निकालाच्या दिवशी हाक बदलली का, हेही विचारा. बहुधा येथेच उत्तर द्यायला माणसे थोडी थांबतात, तेव्हा घाई करू नका. ‘आमचा बाप आन् आम्ही’ जवळ नसेल तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) किंवा कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (स्थापना १८६४) येथे चौकशी करा. नोंदी सुमारे ३०० शब्दांत लिहा, माणसांची खरी नावे घालू नका, आणि पुढच्या संपर्कसत्राला वही सोबत आणा.