भाताचें खाचर आणि हवेंतील उष्णता

उन्हाळ्यांत शहापूर-मुरबाडच्या बाजूस फिरणारास शेताशेतांतून धूर उठतांना दिसतो. तो राबाचा होय. ऐनाच्या टहाळ्या, शेण, पालापाचोळा व वर माती असे थर रचून पेटवितात, आणि त्या भाजल्या जागेंत भाताचें बीं टाकितात. शेतकरी हें अविचारानें करीत नाहीं. भाजणीनें तणाचें बीं मरतें, राखेनें रोपास जोम येतो. ज्याच्या घरचा वर्षाचा दाणा दोन खाचरांतून यावयाचा, त्यास राब सोडण्यास सांगणारानें रोपांची तजवीज आधीं सांगितली पाहिजे.

परंतु धुराहून मोठी गोष्ट डोळ्यांस दिसतच नाहीं. खाचरांत पाणी सांचून राहिलें म्हणजे चिखलांत हवा शिरत नाहीं. तेथें हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु कुजणाऱ्या पाल्यापासून व शेणापासून मिथेन वायु तयार करितात. गंमत अशी कीं, तो बहुतेक भाताच्या ताटांतील पोकळींतूनच वर येतो! शंभर वर्षांच्या हिशेबानें, वजनास वजन, हा वायु कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७ पट उष्णता अडवितो. युरिया नुसता फेंकल्यास त्याचा बराच भाग वायां जातो व कांहीं अंश नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो; त्याचा प्रभाव तर सुमारें २७३ पट.

यावर स्वस्त उपाय आपल्या कोंकणांतच रूढ झाले आहेत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतींत रोपवाटिकेच्या मातींत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. तींतील सिलिकेमुळें रोप कणखर होतें, आणि झाडाची फांदीहि तोडावी लागत नाहीं. मात्र तण हातानें काढावें लागतें. पुढें लावणी झाल्यावर चार चुडांच्या मध्यें युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सें. मी. खोल खोंचतात. खत मुळाशींच राहतें, म्हणून कमी लागतें. अर्थात् पैसाहि वांचतो. शेण मात्र पुरतें कुजवूनच घालावें. ताजें शेण हें त्या जंतूंचें आवडतें भक्ष्य होय.

उन्हाळी भातास पाणी देणारांनीं खाचर सदैव भरून ठेवूं नये. जमिनींत भोंकांची नळी पुरावी. तींत पाणी पृष्ठभागाखालीं १५ सें. मी. उतरलें कीं पुन्हां पाणी द्यावें. फुलोऱ्याच्या वेळीं तेवढें पाणी राखावें. अशा रीतीनें मिथेन पुष्कळ घटतो, आणि पीक बहुधा घटत नाहीं. पावसाळी खाचरांत हें साधणें कठीण, हें उघड आहे.

मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यांत, नेरळच्या सगुणा बागेंत, श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं याहून पुढची वाट काढिली. कायम गादीवाफ्यांवर बीं टोंकावयाचें. चिखलणी नाहीं, राब नाहीं, लावणीहि नाहीं. जुनीं मुळें जमिनींतच कुजूं द्यावयाचीं. मजुरीचा मोठा खर्च टळतो. एक अडचण राहते ती तणाची. तणनाशकावर विसंबावें लागतें, आणि तें विकत घ्यावें लागतें. यास्तव ज्याची जमीन थोडी त्यानें पहिल्या वर्षीं दोन गुंठ्यांतच हा प्रयोग करावा, आणि बाकीच्या शेतांत नेहमींची लावणी ठेवावी.