ड्रममध्ये पाणी होतं, तरी इंजिन जाम झालं

या वेळी वह्या आणि हप्ते जरा बाजूला ठेवू आणि डिझेल इंजिनाबद्दल बोलू. आपल्या काही गटांकडे डाळमिल, पिठाची गिरणी किंवा पाण्याचा पंप इंजिनावर चालतो. लाईट गेली की इंजिनच आपला आधार. पण ते तापायला लागलं तर काय करायचं, हे फार थोड्या जणींना माहीत आहे. मलाही माहीत नव्हतं. मी समाजकार्य शिकले, इंजिन नाही. खाली जे लिहिलंय ते एका जुन्या मिस्त्रीकाकांच्या शेजारी दोन दिवस बसून समजून घेतलेलं आहे.

ही वेळ कशामुळे आली, ते आधी सांगते. लोहा तालुक्यातल्या एका गटाची डाळमिल. मार्च महिना, गावात नळाला आठ दिवसांनी पाणी. इंजिनाशेजारचा दोनशे लिटरचा ड्रम भरायचा तर घरच्या घागरी रित्या कराव्या लागायच्या. म्हणून बायांनी ठरवलं, ड्रम अर्धा भरू, तेवढ्यात भागेल. तीन दिवस भागलं. चौथ्या दिवशी दुपारी इंजिनचा आवाज जड झाला, जळका वास आला, आणि थोड्या वेळात ते धडकन बंद पडलं. हँडल फिरेना. पिस्टन धरला होता.

मिलवर त्या दिवशी जी ताई होती, तिला वास आधीच आला होता. मग बंद का नाही केलं? ती म्हणाली, "मॅडम, बाहेर सात-आठ जणी पोती घेऊन बसल्या होत्या. बंद केलं असतं तर म्हणल्या असत्या, हिला मशीन येतच नाही. आन् ड्रमात तर पाणी दिसत होतं की." गटात चार दिवस तिच्यावरच बोलणी. ऐन तुरीच्या हंगामात मिल अठरा दिवस बंद राहिली आणि दुरुस्तीचं बिल दोन हप्त्यांएवढं आलं.

ड्रममध्ये पाणी असूनही इंजिन का तापलं, हे समजून घेऊ. इंजिनात जे डिझेल जळतं त्याची साधारण एक तृतीयांश शक्तीच मिल फिरवायला मिळते. तेवढीच उष्णता धुरातून जाते, आणि जवळपास तेवढीच इंजिनच्या अंगात उरते. ती पाण्याने बाहेर काढावी लागते. इंजिनच्या दुहेरी भिंतीत पाण्याची वाट असते. ड्रमवाल्या इंजिनाला दोन नळ्या असतात, एक वर, एक खाली. गरम झालेलं पाणी हलकं होतं, वर चढतं आणि वरच्या नळीने ड्रममध्ये जातं. ड्रमच्या तळाचं गार पाणी खालच्या नळीने इंजिनात येतं. पाणी फिरवायला वेगळा पंप नाही, पाणी आपलं आपण फिरतं. पण त्यासाठी वरच्या नळीचं तोंड ड्रममध्ये पाण्याखाली बुडालेलं पाहिजे. पाणी त्या तोंडाच्या खाली गेलं की फेरा तुटला. मग ड्रममध्ये शंभर लिटर पाणी असलं तरी इंजिनसाठी ते नसल्यासारखंच. आपल्या बायांनी पाणी वाचवलं ते चांगल्या मनाने, पण ही एक गोष्ट त्यांना कुणीच सांगितली नव्हती. मशीन विकणाऱ्यानेही नाही.

पाणी फिरतंय का हे बघायची सोपी खूण आहे. इंजिन अर्धा तास चाललं की ड्रमचं वरचं पाणी कोमट लागलं पाहिजे. इंजिन भाजतंय आणि ड्रम मात्र गारच, असं असेल तर फेरा बंद आहे. रबरी नळी दबली असेल, आत गाळ असेल, किंवा पाण्याची पातळी खाली असेल. आणि अख्खा ड्रमच कडक गरम झाला असेल तर पाणी फिरतंय, पण कमी पडतंय. तिथे दुसरा ड्रम जोडावा लागतो.

गोदावरी किंवा मांजरेच्या काठी ज्यांचं इंजिन पंपावर आहे, त्यांच्याकडे ड्रम नसतो. पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनात जाते आणि दुसऱ्या बाजूने पाणी धार धरून बाहेर पडतं. तिथे नजर त्या धारेवर ठेवायची. धार बारीक झाली की फुटव्हॉल्वच्या जाळीत जलपर्णी किंवा प्लास्टिक अडकलंय का, छोटा कॉक कचऱ्याने बुजलाय का, ते बघायचं. कोकणात मासेमारीच्या बोटींचं असंच असतं. बोट अख्खी पाण्यात, तरी इंजिन तापतं, कारण समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या वाटेवरच्या गाळणीत शेवाळ नाहीतर पिशवी अडकते. म्हणून ते लोकही बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहतात.

आता इंजिन तापलंच, तर काय करायचं? सगळ्यात आधी मिलमध्ये तूर टाकणं थांबवा, म्हणजे इंजिनवरचा भार उतरेल. पाण्याचा फेरा चालू असेल तर तीन-चार मिनिटं हळू, रिकामं चालू द्या आणि मग बंद करा. एकदम बंद केलं तर आतली उष्णता आतच कोंडते. पण पाणी फिरत नसेल, वाफ निघत असेल किंवा खडखड आवाज येत असेल, तर एक मिनिटही थांबू नका, तिथल्या तिथे बंद करा.

आणि गार पाणी ओतू नका! अंगावरही नाही, आतही नाही. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इंजिनचं हेड बिडाचं असतं, ते तडकतं. मग दुरुस्ती नाही, नवंच घ्यावं लागतं. हात ठेवता येईल इतकं गार होईपर्यंत, म्हणजे पाऊण तास तरी, थांबा. पुन्हा सुरू करण्याआधी डिकॉम्प्रेशनची खटकी वर करून हँडल हाताने फिरवून बघा. अलगद फिरलं तर ठीक. अडलं तर जोर लावू नका, मिस्त्रीला बोलवा.

पाणी बरोबर असूनही तापत असेल तर बाकीच्या गोष्टी बघायच्या. ऑइलची पट्टी काढून पातळी बघा. ऑइल ताकासारखं किंवा दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, गॅस्केट गेलेलं असू शकतं. ड्रममध्ये सारखे बुडबुडे येत असतील तरी तोच संशय. अशा वेळी इंजिन लावूच नका. धूर काळा येत असेल तर भार जास्त आहे, एअर फिल्टर कोंड्याने भरलंय, नाहीतर नोझल खराब आहे. पट्टा फार ताणलेला असला तरी इंजिन ओढून ओढून तापतं. खोली बंद असेल तर तेही एक कारण. खिडकी उघडी ठेवा आणि सायलेन्सरचा पाईप भिंतीबाहेर काढा. तो धूर कोंडला तर माणूस गुदमरून मरतो. पदर खोचलेला आणि वेणी बांधलेली पाहिजे, हे तर दर वेळी सांगतेच.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. भांड्यात पाणी तापवून तापवून जसा पांढरा थर बसतो, तसाच इंजिनच्या पोटात बसतो, आणि मग पाणी फिरत असूनही उष्णता निघत नाही. साफ करायचं काम मिस्त्रीचं आहे. पण थर कमी बसावा म्हणून एक करता येईल. ड्रमचं पाणी तेच ते परत फिरतं, रोज नवं लागत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचं स्वच्छ पाणी दोन ड्रम साठवून ठेवलं तर भर घालायला बरेच दिवस पुरतं. ड्रमला फडकं बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच होतील.

लोह्याच्या त्या गटाने पुढच्या बैठकीत दोन गोष्टी केल्या. ड्रमवर वरच्या नळीच्या चार बोटं वर लाल रंगाची रेघ मारली. पाणी रेघेखाली असेल त्या दिवशी इंजिन लागणार नाही, मग बाहेर कितीही पोती असोत. आणि प्रोसिडिंग वहीत ठराव लिहिला, की मिलवर जी ताई असेल तिने वास, आवाज किंवा वाफ यावरून इंजिन बंद केलं तर तिला कुणी बोलायचं नाही, आणि त्या दिवशीची तिची मजुरीही कापायची नाही. ठरावावर पहिली सही अध्यक्ष मावशींची आहे. बोलण्यात सगळ्यात पुढे त्याच होत्या.

तुमच्या गटाकडे इंजिन असेल तर उद्याच ड्रममध्ये वाकून बघा, वरची नळी बुडालेली आहे का. नसेल तर मला फोन करा, किंवा प्रभागसंघाच्या बैठकीला येताना मिलवरच्या ताईला सोबत घेऊन या.